चार चाकं फिरतात म्हणून गाडी थांबत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपली फोर बाय फोर आहे, काय होतंय!" ताम्हिणीत धुकं असो, आंबोलीच्या वळणांवर पाणी वाहत असो, काशीदच्या पुळणीवर गाडी उतरवायची असो किंवा डिसेंबरात मनालीहून अटल बोगद्याकडे निघायचं असो, हे वाक्य उच्चारलं की पुढची सगळी चौकशी संपते. टायर किती झिजलेत, त्यांत हवा किती आहे, रस्त्यावर काय सांडलंय, वेग किती ठेवायचा, हे प्रश्न जणू साध्या गाडीवाल्यांनी विचारायचे. ज्याने मागच्या दारावरच्या त्या चकचकीत अक्षरांचे जादा पैसे मोजलेत, त्याने निसर्गनियमांतूनही सूट विकत घेतलेली असते. शोरूममधला विक्रेता, यूट्यूबवरचा परीक्षक आणि सोसायटीच्या पार्किंगमधले जाणकार या तिघांचं एरवी कशावरही एकमत होत नाही. यावर होतं.

या मताला त्याची पूर्ण संधी देऊ. त्यात चार दावे आहेत. एक, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की रस्त्यावरची पकड वाढते. दोन, एक चाक घसरलं तरी उरलेली तीन गाडी ओढून काढतात. तीन, आता सेन्सर आणि संगणक आहेत, त्यामुळे चाक गरगरण्याची काळजी चालकाने करायची नसते. चार, अशी गाडी वळणावर रस्ता सोडत नाही आणि उतारावर डगमगत नाही, म्हणून ती जास्त सुरक्षित. चारही दावे चुकीचे आहेत. प्रत्येकात चिमूटभर खरं मिसळलेलं आहे, म्हणून ते इतकी वर्षं खपले.

आधी पकड. गाडीची आणि रस्त्याची गाठ पडते ती फक्त चार ठिकाणी, प्रत्येकी साधारण तळहाताएवढ्या रबरावर. तिथे किती पकड मिळणार हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: त्या रबरावर पडलेला भार आणि रबर व रस्ता यांच्यातलं घर्षण. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरावर ०.८ च्या आसपास असतो, ओल्या डांबरावर ०.५ च्या आसपास येतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ०.१. या हिशेबात इंजिन कुठे आहे? गिअरबॉक्स कुठे आहे? मागच्या ॲक्सलकडे जाणारा तो महागडा शाफ्ट कुठे आहे?

चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, एवढंच करते की असलेली पकड ओढण्यासाठी पुरी वापरते. दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत ओढण्याच्या कामी त्या दोन चाकांवरचं वजन येतं, म्हणजे गाडीच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग. चारही चाकं ओढू लागली की सगळं वजन कामी येतं. निसरड्या चढावर गाडी हलवायची असेल तर हा फरक मोठा आहे, जवळपास दुपटीचा. पण हा फरक निघण्यातला आहे. थांबायची वेळ आली की काय होतं? ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. साध्यातल्या साध्या हॅचबॅकलाही असतात. थांबण्याच्या बाबतीत प्रत्येक गाडी फोर बाय फोरच असते, आणि तिथे जादा पैसे भरलेल्याला मीटरभरही सवलत नाही.

गणित शाळेतलंच आहे. ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबते, घट्ट बर्फावर ७० मीटर लागतात, गोठलेल्या थरावर १४०. चालकाचा विचार करण्यातला वेळ यात धरलेलाच नाही. या समीकरणात वेग आहे, घर्षण आहे, गुरुत्वाकर्षण आहे. किती चाकांना ताकद मिळते याची जागाच त्यात नाही.

ज्यांनी या गाड्या घडवल्या त्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये चारही चाकं ओढणारी शर्यतीची गाडी बनवली, तेव्हा तिच्या चारही चाकांना ब्रेकही दिले. त्या काळात पुढच्या चाकांना ब्रेक देण्याची रीतच नव्हती. १९६६ मध्ये ब्रिटनची जेन्सन एफएफ आली, साध्या रस्त्यावर चालवायच्या गाड्यांमधली पहिली ऑल-व्हील ड्राइव्ह. तिची यंत्रणा ट्रॅक्टरवाल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन कंपनीची. त्याच गाडीत डनलॉपची मॅक्झारेट ही मुळात विमानांसाठी बनवलेली अँटी-लॉक ब्रेक यंत्रणाही बसवली होती. चालवण्याची सोय केली म्हणजे थांबवण्याची झाली, असं त्या लोकांना वाटलं नाही. ते वाटायला आपण लागलो.

आता दुसरा दावा, तीन चाकांच्या शौर्याचा. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी जुळणी लागते. ती म्हणजे डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकातच, वाफेच्या गाडीसाठी, तिचं पेटंट घेतलं होतं. तिचा एक स्वभाव आहे: ती दोन्ही बाजूंना पीळ, म्हणजे टॉर्क, नेहमी सारखाच देते. ऐकायला न्याय्य वाटतं. पण शेवाळावरचं चाक ५० न्यूटन-मीटरच पेलू शकत असेल आणि त्यावर ते गरगरू लागत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच ५० मिळतात. दुबळ्याची कुवत हीच सबळाची मर्यादा ठरते.

चारही चाकं कायम ओढणाऱ्या गाडीत अशा तीन जुळण्या लागतात: पुढच्या जोडीत एक, मागच्या जोडीत एक आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये एक. तिन्ही मोकळ्या असतील आणि एक चाक खड्ड्यावर अधांतरी गेलं, तर त्या चाकाला पीळ जवळपास शून्य, म्हणून त्याच्या जोडीदाराला शून्य, म्हणून दुसऱ्या ॲक्सललाही शून्य. तीन चाकं गाडी ओढून काढत नाहीत. एक चाक तिघांना बसवून ठेवतं. जुन्या जिप्सीसारख्या गाडीत लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे एका चाकाने ती अडत नाही. पण पुढचं एक आणि मागचं तिरपं समोरचं एक अशी दोन चाकं उचलली गेली की तीही अडते, कारण दोन्ही ॲक्सलमधली डिफरन्शियल मोकळीच असतात. हे काही फार दुर्मिळ संकट नाही. शेताच्या बांधावरून तिरपी गाडी चढवून बघा.

यावर उपाय शोधले गेले, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे. १९८० च्या ऑडी क्वाट्रोमध्ये मधलं आणि मागचं डिफरन्शियल चालकाने हाताने जखडायचं होतं. पुढे मधल्या जागी टॉर्सन नावाचं डिफरन्शियल आलं. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकनाने शोधलेली ही वर्म गिअरची रचना घसरत्या बाजूपेक्षा पकड असलेल्या बाजूला काही पट जास्त पीळ देते. पण घसरती बाजू अगदी शून्यावर गेली तर शून्याची कितीही पट शून्यच. सध्याच्या बऱ्याच शहरी एसयूव्हींमध्ये यातलं काहीच नसतं. त्यांच्या मागच्या ॲक्सलजवळ तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक क्लच असतो, एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि गरज वाटली की क्लच दाबला जाऊन मागच्या चाकांना वाटा मिळतो. डस्टरची ऑल-व्हील ड्राइव्ह अशीच होती, ग्रँड व्हिटाराची अशीच आहे. थार आणि जिम्नी पूर्णपणे वेगळ्या जातीच्या. मग "आपली फोर बाय फोर आहे" म्हणणाऱ्याला विचारायला नको का, की कोणती? मध्ये काय आहे, मागे काय आहे, काय जखडतं आणि काय नाही? दहापैकी किती मालक याचं उत्तर देऊ शकतील?

इथे तिसरा दावा मदतीला धावतो. "अहो, ते सगळं जुनं झालं. आता संगणक बघतो." बघतो, हे खरं. अँटी-लॉक ब्रेकसाठी प्रत्येक चाकाजवळ गती मोजणारा सेन्सर असतोच. एक चाक इतरांपेक्षा फार जोरात फिरताना दिसलं की संगणक दोन गोष्टी करतो: इंजिनाची ताकद कमी करतो आणि त्या एकाच चाकाचा ब्रेक दाबतो. मर्सिडीजच्या १९९७ च्या एम-क्लासने डिफरन्शियल जखडण्याऐवजी हाच मार्ग पत्करला. थारमधलं ब्रेक लॉकिंग डिफरन्शियल, जिम्नीतली ब्रेकवर चालणारी लिमिटेड स्लिप, ही त्याच घराण्यातली. युक्ती सुरेख आहे. गरगरणाऱ्या चाकाला ब्रेकने ३०० न्यूटन-मीटरचा विरोध दिला की डिफरन्शियलला वाटतं तिथे पकड आहे, आणि पलीकडच्या चाकालाही तेवढा पीळ मिळतो.

पण हिशेब पुरा करू. इंजिनाला दोन्हीकडचा भार उचलावा लागतो, आणि ब्रेकवर खर्च झालेली शक्ती उष्णता होऊन उडून जाते. चिखलात पाच-दहा मिनिटं झटापट चालली की ब्रेक तापतात, मागच्या क्लचच्या चकत्या तापतात, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये संगणक क्लच वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देतो. ऐन गरजेच्या वेळी. पुळणीत तर संगणकाची दक्षताच नडते: वाळूत थोडं चाक फिरणं आणि वेग टिकणं आवश्यक असतं, आणि ही यंत्रणा नेमकी तेव्हाच इंजिनाचा गळा दाबते. म्हणून वाळूत गाडी चालवणारे अनुभवी लोक आधी ही यंत्रणा बटणाने बंद करतात आणि टायरमधली हवा उतरवतात.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तीच या लेखाचं कारण आहे. चाक गरगरणं हा बिघाड आहे असं आपल्याला शिकवलं गेलंय. तो बिघाड नाही, रस्त्याने पाठवलेला निरोप आहे. साध्या गाडीत सिग्नलवरून निघताना पुढचं चाक सर्रकन फिरलं, की चालकाला तिथल्या तिथे कळतं की पहिल्या पावसाने डांबरावरचं तेल वर आलंय. तो पाय हलका करतो, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये हा निरोप पोहोचतच नाही. ताकद चार ठिकाणी वाटली गेली, कुठेच घसरलं नाही, उरलंसुरलं संगणकाने हजारांश सेकंदांत मिटवलं, डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकला आणि गाणं चालूच राहिलं. रस्ता तेवढाच निसरडा होता. फक्त ते कळण्याची पहिली वेळ आता निघताना येत नाही, ब्रेक दाबताना येते. ताशी ७० किलोमीटरवर, वळणाच्या तोंडाशी. चालकाला त्याच्याच सुरक्षिततेची खबर लागू न देणाऱ्या यंत्रणेला सुरक्षेची यंत्रणा म्हणायचं का?

चौथा दावा वळणाचा आणि उताराचा. टायरची पकड म्हणजे खात्यातली ठरावीक शिल्लक आहे. वेग घेणं, वेग कमी करणं आणि वळणं या तिन्ही गोष्टींचे चेक त्याच एका खात्यावर लिहिले जातात. वळणासाठी किती लागणार हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, आणि वेग दीडपट केला की मागणी सव्वादोन पट होते. ऑल-व्हील ड्राइव्ह हे खातं वाढवत नाही. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला तर ती इंजिनाचा बोजा दोनऐवजी चार टायरवर वाटते, आणि मित्सुबिशी इव्होपासून होंडा लेजंडपर्यंत काही गाड्यांनी बाहेरच्या मागच्या चाकाला मुद्दाम जास्त पीळ देऊन गाडी आत वळवण्याचं कौशल्यही साधलं. पण ही कला बहुतांशी पाय ॲक्सिलरेटरवर असेपर्यंतची. घाटात वेगात शिरलेला माणूस घाबरून काय करतो? पाय उचलतो आणि ब्रेक दाबतो. त्या क्षणी तो शाफ्ट, तो क्लच, ती कला जवळपास सगळी रजेवर जाते.

द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्याचं तर विचारूच नका. नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या अभ्यासातून एक ढोबळ सूत्र निघालं: पाण्याचा थर पुरेसा जाड असेल तर टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो; टायर झिजलेला असेल तर कमी पाण्यातही ही वेळ येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना १०० ची परवानगी आहे. टायर तरंगला की चार चाकांना मिळणारी ताकद पाण्यालाच दिली जाते. फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्याचंही तेच. साधारण ३० सेंटीमीटर खोल, वेगाने वाहणारं पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं, ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक एसयूव्हींना पुरतं, कारण पाणी गाडीला उचलतं, भार कमी होतो आणि भाराबरोबर पकडही जाते. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी पुलावर गाडी घालतंच. गाडी कोणती असते, हे सांगायला हवं?

आता उतार. १५ टक्के चढाचा रस्ता घ्या, त्यावर दाबलेला बर्फ, घर्षण ०.२. पुढची दोन चाकं ओढणाऱ्या गाडीला वजनाच्या निम्म्याहून थोड्या जास्त भागाची पकड मिळते, म्हणजे सुमारे ०.११. चढाला ०.१५ लागतं. चाकं गरगरतात, गाडी पायथ्याशीच राहते, मालक चिडतो आणि चहा पितो. ऑल-व्हील ड्राइव्हला पूर्ण ०.२ मिळतं. ती चढते, मालक व्हिडिओ काढतो. मग तो उतरायला लागतो. ताशी ३० किलोमीटरवरून सपाट बर्फावर थांबायला १८ मीटर पुरले असते. या उतारावर ७० लागतात, कारण ०.२ मधले ०.१५ उताराने आधीच खाल्लेत. आणि समोर वळण, वळणावर तशाच अडकलेल्या दहा गाड्या. त्याच्या यंत्रणेने त्याला अशा जागी नेऊन ठेवलं जिथून त्याचे टायर त्याला सुखरूप परत आणू शकत नाहीत. हिला सुरक्षितता म्हणायचं असेल तर पायथ्याशी चहा पिणाऱ्याला काय म्हणाल?

इथे एक पंथ उठून उभा राहील, जो या शहरी क्लचवाल्या गाड्यांना हसतो. "ही कसली फोर बाय फोर? लिव्हर पाहिजे, लो रेंज पाहिजे." लो रेंजने चाकांकडे पोहोचणारा पीळ वाढतो, आणि उतारावर इंजिनाचा अडसर चारही चाकांवर वाटला जातो, एवढं बरोबर. पण त्या चार चाकांची एकूण पकड तीच राहते. शिवाय हाच लिव्हर कोरड्या डांबरावर ओढून वळणं घेतली, तर पुढची चाकं जास्त अंतर कापू बघतात, जखडलेला शाफ्ट कापू देत नाही, आणि सगळा पीळ गिअरच्या दातांत साठत जातो. लिव्हरवाल्यांचा अहंकार जुना आहे; टायरकडे न बघण्याची सवय दोन्ही पंथांत सारखीच.

आणि उत्तर टायरमध्येच आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांवर गरम, कोरड्या डांबरासाठीचं रबर असतं. थंडीत ते कडक होतं. कोकणातल्या तांबड्या चिखलात त्याची बारीक नक्षी एका फेऱ्यात भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. मनालीत बर्फ पडला की प्रशासन पुढे सोडण्यासाठी गाडी फोर बाय फोर आहे का हे बघतं. टायर कोणते आहेत हे क्वचितच बघतं. मग त्याच गाड्या उतारावर आडव्या सरकतानाची दृश्यं दर हिवाळ्यात देशभर फिरतात. कॅलिफोर्नियातल्या डोंगरी रस्त्यांवर नियम वेगळा आहे. तिथल्या दुसऱ्या पातळीच्या बंधनात ऑल-व्हील ड्राइव्हला साखळ्या न लावण्याची सूट मिळते, पण चारही टायर बर्फाचे असतील आणि साखळ्या गाडीत असतील तरच. तिसऱ्या पातळीत सूट कुणालाच नाही. कायदा लिहिणाऱ्याला जे उमगलं ते गाडी विकणाऱ्याला उमगू नये?

काशीदला किंवा दापोलीकडे वाळूत रुतलेल्या एसयूव्हीला भरतीच्या आत कोण बाहेर काढतं, तेही बघून ठेवा. गावातला ट्रॅक्टर. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर मागच्या दोनच चाकांनी ओढतात. त्यांच्याकडे उंच टायर आहेत, खोल नक्षी आहे आणि त्या टायरांवर वजन आहे. दोन चाकी ओढ चार चाकी ओढीला दोराने खेचून नेते, मालक पैसे मोजतो आणि घरी जाऊन परत तेच वाक्य बोलतो.

चिखलाच्या पांदीत रोज जाणाऱ्या शेतकऱ्याने, डोंगरातल्या डॉक्टरने, बर्फात राहणाऱ्याने ही यंत्रणा जरूर घ्यावी. तिचं काम निघणं आणि चढणं आहे, आणि ते ती उत्तम करते. पण मग चारही टायर एका जातीचे आणि सारख्या झिजेचेच हवेत, नाहीतर परिघातल्या फरकामुळे मागच्या ॲक्सलजवळचा तो क्लच सरळ रस्त्यावरही झिजत राहतो. म्हणजे ही गाडी घेणाऱ्याने टायरकडे इतरांपेक्षा जास्त बघायला हवं. प्रत्यक्षात तोच सर्वांत कमी बघतो.

म्हणून पुन्हा एकदा, न अडखळता: ऑल-व्हील ड्राइव्ह पकड निर्माण करत नाही, असलेली वाटते. थांबवत नाही, वळवत नाही, तरंगणाऱ्या टायरला जमिनीवर आणत नाही. ती फक्त नेते, आणि नेताना रस्त्याचा इशारा दाबून टाकते. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलीमीटर असावी लागते. तेवढ्यावर घाट उतरू बघणाऱ्याच्या गाडीवर कोणती अक्षरं आहेत याने दरीला फरक पडत नाही. त्या अक्षरांसाठी मोजलेल्या पैशांतले निम्मे चांगल्या टायरांवर घाला, वेग वीसने कमी करा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा. एवढं जमत नसेल तर चारच काय, सहा चाकांना ताकद दिलीत तरी तुम्ही फक्त जास्त खात्रीने चुकीच्या जागी पोहोचाल.